ताजी नको, मुरलेली सुशी!

सुशी म्हणजे कच्चा मासा आणि गार भात, एवढंच तुम्हाला माहीत असेल, तर जपानमधल्या बिवा तळ्याकाठचं हे घरगुती रेस्टॉरंट तुमचा समज पार बदलून टाकेल.

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसची गँग, मॉलमधलं जॅपनीज रेस्टॉरंट आणि समोर सुशीची प्लेट. ग्रुपमधला एक 'एक्स्पर्ट' चॉपस्टिक्स नाचवत सांगत असतो, "सुशीचा फंडा एकच बॉस, मासा एकदम फ्रेश पाहिजे!"

त्याला सांगा, सुशीची आजी वेगळंच म्हणते. आज जगभर मिळणारी, भातावर माशाचा तुकडा ठेवलेली सुशी एकोणिसाव्या शतकात एडोमध्ये, म्हणजे आताच्या टोकियोत लोकप्रिय झाली. ते तेव्हाचं फास्ट फूडच! त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून सुशी म्हणजे मीठ आणि भातात आंबवून टिकवलेला मासा. 'सुशी' या शब्दाचं मूळही 'आंबट' या अर्थाच्या जुन्या जपानी शब्दात आहे. ही जुनी सुशी आजही मिळते. तिचं नाव फुनाझुशी आणि पत्ता शिगा प्रांत, क्योटोच्या शेजारी.

बरणी नव्हे, पिंप!

आजीची लोणच्याची बरणी आठवते? वर फडक्याचा दादरा, आणि ओला हात लावलात तर खैर नाही. फुनाझुशीचं शास्त्र तितकंच कडक. मासा लागतो निगोरोबुना. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण फक्त बिवा तळ्याच्या परिसरातला. वसंतात अंड्यांनी भरलेल्या माद्या पकडतात. पोट न फाडता, कल्ल्यांच्या बाजूने आतडी काढतात आणि अंडी तशीच ठेवतात. मग मिठात दडपून कित्येक महिने विश्रांती. उन्हाळ्यात मासे स्वच्छ धुवून वाळवायचे, पोटात शिजवलेला भात भरायचा आणि पिंपात मासा, भात, मासा, भात असे थर लावायचे. वर दगडांचं वजन. हवा आत जाऊ नये म्हणून झाकणावर पाणी.

पुढचं काम जिवाणूंचं. ते भात आंबवतात, आंबटपणा वाढतो, मासा टिकतो आणि हाडंसुद्धा मऊ होतात. भाताचं पार खिमट होतं. या सगळ्याला वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ लागतो.

आणि वास? ब्लू चीज आठवा. पहिल्या भेटीत नाक मुरडणारे अनेक, पण एकदा जमलं की सुटत नाही. आपल्याकडे सुकटीचं नाही का तसंच? पातळ चकती, मध्ये केशरी अंडी, सोबत साके. नाहीतर गरम भातावर चकत्या ठेवून वरून चहा ओतायचा. सर्दी झाली, पोट बिघडलं की गरम पाण्यात फुनाझुशी घालून पिणं हा तिथला घरगुती काढा!

एका लेखकाने ठेवलेलं नाव

तळ्याच्या उत्तर टोकाला काइझू नावाचं गाव आहे. तिथे 1784 पासून एक कुटुंब पिढ्यान् पिढ्या फुनाझुशी मुरवतंय. दुकानाचं नाव उओजी. त्यांचंच रेस्टॉरंट म्हणजे कोरिआन. अगदी पाण्याला लागून असलेल्या या वास्तूत फुनाझुशीभोवती गुंफलेलं काइसेकी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या छोट्या पदार्थांचं पारंपरिक जेवण वाढतात.

नावाची गोष्ट झक्कास आहे. 'सायलेन्स' कादंबरीचे लेखक शुसाकू एंडो (मार्टिन स्कॉर्सेसीने 2016 मध्ये तिच्यावर सिनेमा काढला) आपले विनोदी लेख 'कोरिआन' या टोपणनावाने लिहायचे. त्यातल्या 'कोरि'चा अर्थ कोल्हा आणि तानुकी, थोडक्यात लबाड मंडळी! एंडोंनी उच्चार तोच ठेवून अक्षरं बदलली आणि 'तळ्याकाठच्या गावातली कुटी' असं नाव या जागेला दिलं.

लाटा आल्या, मग...?

4 सप्टेंबर 2018. जेबी नावाचं वादळ जपानवर धडकलं. बिवाच्या लाटांनी कोरिआनची वास्तू उद्ध्वस्त केली. ज्या तळ्याने पोसलं, त्याच तळ्याने घाव घातला. कोणीही म्हणालं असतं, आता रस्त्याच्या पलीकडे, सेफ जागी बांधा. पण कुटुंबाने पुन्हा पाण्याकाठीच उभं राहायचं ठरवलं. 2021 मध्ये कोरिआनचं दार परत उघडलं.

वाट बघणं या घराला नवीन नाही. इथे आज पिंप भरायचं ते पुढच्या नाहीतर त्याच्याही पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांसाठी. आपण मंथ-एंडच्या टार्गेटने घामाघूम होतो, आणि यांच्या आजच्या ताटात कधीच्या काळची मेहनत वाढलेली असते!

पण मासा आहे कुठे?

खरं टेन्शन वादळाचं नाही, तळ्याचं आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काठावरची वेताची बेटं घटली. तळं आणि भातखाचरं यांच्यामधली वाट तुटली. मासा अंडी घालणार कुठे? त्यात ब्लॅक बास आणि ब्लूगिल हे बाहेरून आलेले मासे पिल्लं फस्त करू लागले. निगोरोबुना कमी झाला, भाव चढले. आज एका फुनाझुशीला काही हजार येन मोजावे लागतात. पूर्वी घरोघरी पिंप असायचं, आता ती सणासुदीची चैन झाली आहे.

प्रयत्न मात्र चालू आहेत. मासे तळ्यातून थेट शेतात चढून अंडी घालू शकतील अशी खाचरं शिगाचे शेतकरी राखतात. त्यांना 'माशांचा पाळणा' म्हणतात, आणि तिथला तांदूळ त्याच नावाने विकला जातो. शेती, मासेमारी आणि तळं यांच्या या जुन्या नात्याला 2022 मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जाही मिळाला. म्हणजे बघा, पिंपातला भात आणि मासा ही जोडी मुळात शेतातच जमते!

जायचं झालंच तर...

क्योटोहून जेआर कोसेई लाइनने माकिनो स्टेशन, साधारण सव्वा तास. एप्रिलमध्ये काइझू-ओसाकीचा चेरीचा बहर बोनस! जेवणाचं बुकिंग आधीच करा. पहिला घास छोटा घ्या, चावायला वेळ द्या आणि लगेच नाक मुरडू नका. तो घास तुमच्यासाठी दोन वर्षं थांबलाय, तुम्ही दोन मिनिटं थांबा की!