तटस्थतेचे बंदर : मुरगाव, १९४३

‘तटस्थ’ हा शब्द मराठीत प्रशंसेचाही आहे आणि ठपक्याचाही. तट म्हणजे काठ. प्रवाहात न उतरता काठावर उभा राहतो तो तटस्थ. कौटिल्याच्या परिभाषेत याच्या जवळपास येणाऱ्या दोन संज्ञा आहेत व त्यांतील भेद मोलाचा आहे. राजमंडलातील ‘उदासीन’ हा बलाढ्य राजा होय. तो कोणासही साहाय्य करू शकतो वा आवर घालू शकतो. ‘आसन’ हे मात्र षाड्गुण्यातील एक धोरण; उपेक्षा हे त्याचे लक्षण. दुर्बळाने धरलेले आसन नैतिकदृष्ट्या कितपत टिकते, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात गोव्याच्या मुरगाव बंदरात प्रत्यक्ष उभा राहिला.

इंग्लंडशी चौदाव्या शतकापासून मैत्रीचा तह असूनही पोर्तुगालने १९३९ साली तटस्थता जाहीर केली. एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स व ड्राखेनफेल्स ही जर्मन मालवाहू जहाजे युद्धारंभी मुरगावच्या आश्रयास आली. पुढे आन्फोरा या इटालियन जहाजाची त्यांत भर पडली. ब्रिटिश हद्दीत सापडलेल्या जर्मन नागरिकांना मात्र स्थानबद्ध करण्यात आले. गिर्यारोहक हाइन्रिख हारर हा त्यांपैकीच; काही काळ तो आमच्या नाशिकजवळ, देवळालीच्या छावणीत होता. एकाला कुंपण आणि दुसऱ्याला आसरा, हा फरक केवळ सरहद्दीने पाडला होता.

दोस्तांच्या जहाजांचा ठावठिकाणा एहरेनफेल्सवरील बिनतारी यंत्राने जर्मन पाणबुड्यांस कळविला जातो, असा ब्रिटिशांचा संशय होता. १९०७ चा हेग करार तटस्थ बंदरात असे यंत्र चालविण्यास मनाई करतो. पण तटस्थ जलात युद्धकृत्य करण्यासही तोच मनाई करतो. ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘फीबी’ या गाळवाहू नौकेतून आलेल्या कलकत्त्याच्या राखीव पलटणींतील स्वयंसेवकांनी एहरेनफेल्सवर छापा घातला. कप्तान व काही खलाशी मारले गेले. उरलेल्यांनी आपली जहाजे स्वहस्ते बुडविली.

संशय खरा मानला, तर पोर्तुगीज अधिकाऱ्यांची उपेक्षा ही समुद्रात बुडालेल्या माणसांच्या मृत्यूतील भागीदारी ठरते. खोटा मानला, तर छापा ही निव्वळ हत्या होय. मला अधिक अर्थपूर्ण वाटते ते पुढचे मौन. छाप्याची हकीकत १९७८ पर्यंत जगापुढे नीटशी आलीच नाही. ज्याला नियम अमान्य असतो तो उल्लंघन लपवीत बसत नाही. येथे नियम हवा होता, फक्त त्या एका रात्रीपुरता नको होता.

तो का हवा होता, हे सातच महिन्यांनी दिसले. ऑक्टोबर १९४३ मध्ये याच मुरगावात जपानी ‘तेइया मारू’ व स्वीडिश ‘ग्रिप्सहोल्म’ या जहाजांवरील अडीच हजारांवर जपानी, अमेरिकन व अन्य देशीय स्थानबद्धांची अदलाबदल झाली. मार्चमधील आगळिकीवरून पोर्तुगालने बंदर मिटून घेतले असते, तर या माणसांना दुसरा काठ शोधावा लागला असता. अर्थात लिस्बनची उपेक्षा निर्लेप नव्हतीच. युद्धोपयोगी वुल्फ्रॅम दोन्ही पक्षांस विकले जात होते, आणि त्याच ऑक्टोबरात अझोर्स बेटांवरील तळ ब्रिटिशांस वापरण्यास मिळाले.

आणि या वाक्याचा कर्ता कोण? तटस्थ होते ते लिस्बनचे सरकार. मुरगावच्या धक्क्यावरील कामगारास किंवा खारव्यास कोणी विचारले नव्हते. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते तोच, १८ जून १९४६ रोजी, डॉ. राममनोहर लोहिया मडगावी बंदी मोडून सभेस उभे राहिले, ते बोलण्याच्या हक्कासाठी. तटस्थ राहावे की राहू नये, हे जाहीरपणे म्हणण्याची मुभा तोवर गोमंतकीयास नव्हती.