बियाण्यावरचा थर मातीत विरावा

कल्याणहून मुरबाडला जाणारा रस्ता शहाडवरून जातो. भात निघाला की मुरबाड-शहापूर पट्ट्यात भेंडी, काकडीची लागवड सुरू होते. संकरित बियाण्याचे पाकीट फोडले तर दाणे गुलाबी, निळे, हिरवे दिसतात. त्या रंगासोबत बुरशीनाशक असते आणि ते दाण्याला धरून ठेवणारा पातळ थर. चर्चा औषधाची होते, थराची कोणी करत नाही.

ती व्हायला हवी. हा थर बऱ्याचदा कृत्रिम पॉलिमरचा असतो. दाणा रुजला की त्याचे काम संपते, पण बारीक तुकडे मातीत उरतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले. कीडनाशक लावलेल्या बियाण्यांना २०३१ पर्यंत मुदत आहे.

पर्यायाचा कच्चा माल शहाडच्या ओळखीचा आहे. तिथल्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून धागा निघतो. त्याच सेल्युलोजवर अल्कली आणि क्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाची प्रक्रिया केली की कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी मिळते. ते पाण्यात विरघळते, दाण्यावर पापुद्रा धरते आणि मातीतले सूक्ष्मजीव ते हळूहळू फस्त करतात. कोळंबीच्या कवचातून मिळणारे कायटोसान तर बुरशीलाही आवर घालते.

खरी कसोटी पापुद्र्याच्या जाडीची आणि चिवटपणाची. तो घट्ट झाला की पाणी, हवा अडते आणि उगवण रखडते. ठिसूळ झाला की पेरताना भुकटी उडते. २००८ मध्ये जर्मनीत मक्याच्या बियाण्यावरील क्लोथियानिडिनच्या अशाच धुळीने मधमाश्यांच्या हजारो वसाहतींना फटका बसला. शिवाय सीएमसी ओलावा खेचते. कोकणच्या दमट हवेत हा दोष लहान नाही.

आपल्याकडे गुळाच्या पाण्याची पद्धत जुनीच. गूळ उकळून थंड करायचा, त्यात जिवाणू संवर्धक कालवायचे, दाण्यांना हलक्या हाताने चोळून गोणपाटावर सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. घरच्या बियाण्याला हे आजही उत्तम. पाकिटातल्या बियाण्याला मात्र महिनोन्‌महिने टिकणारा थर लागतो, आणि ट्रायकोडर्मासारखी उपयुक्त बुरशी तितका काळ त्यात जिवंत ठेवणे हे सर्वांत अवघड काम आहे. संशोधनाचा पैसा तिथे लागला पाहिजे.

तोवर एक गोष्ट लगेच करता येईल. पाकिटावर औषधाचे नाव असते. थर कशाचा आहे आणि तो मातीत विरतो का, हेही तिथे छापावे. शेतकऱ्यांनी दुकानात हा प्रश्न विचारायला सुरुवात करावी.