जुन्या यंत्राची भाषा

तारकर्लीला जाऊन मनुष्य समुद्र सोडून बर्फाचा कारखाना पाहत बसला, असे सांगितले तर कोणीही हसेल. माझ्या घरची मंडळी हसलीच. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथले नितळ पाणी, सुरूची झाडे, मुलांचा वाळूतला दंगा, हे सारे टाकून मी भाच्याच्या स्कूटरवर मागे बसलो आणि मालवणच्या वाटेवरील त्याच्या कारखान्यात गेलो. पण तिथे जे ऐकले, ते घरात जुना मिक्सर आणि नवा मोबाइल एकत्र नांदवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ऐकावे असे आहे.

बर्फाचा कारखाना म्हणजे मिठाच्या पाण्याचा मोठा हौद. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे उभे बुडवतात. अमोनियाच्या कॉम्प्रेसरने हौद शून्याच्याही खाली थंड ठेवला, की मिठाचे पाणी गोठत नाही. डब्यांतले मात्र गोठते आणि लाद्या तयार होतात. हा बर्फ होडीत नसेल, तर धक्क्याला लागेपर्यंत मासळी नासते.

कॉम्प्रेसर केव्हा सुरू करावा, पंप केव्हा, धोका दिसताच काय बंद करावे, हे सारे भिंतीवरची एक करडी पेटी ठरवते. तिला पीएलसी म्हणतात. तिचा जन्म अमेरिकेतला. पूर्वी हे काम रिलेंनी भरलेली कपाटे करीत. कामात थोडा बदल करायचा म्हटला तरी शेकडो तारा उपसाव्या लागत. १९६८ साली जनरल मोटर्सने या जंजाळाला पर्याय मागितला. रिचर्ड मॉर्ली यांच्या मंडळींनी ‘मॉडिकॉन ०८४’ हे यंत्र तयार केले. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून हे नाव. आता तारांऐवजी आज्ञावली बदलली, की काम बदलू लागले.

“पण मामा, खरी गोम इथेच आहे,” भाचा म्हणाला. “पेटी पंचवीस-तीस वर्षे टिकते. तिच्याशी बोलायचे सॉफ्टवेअर मात्र दर दोन-चार वर्षांनी नवे येते.”

दिवाळीचाच दाखला घ्या. आपण चकलीचा नवा सोऱ्या आणतो आणि मग लक्षात येते, की आजीच्या सोऱ्याची चकती त्यात बसतच नाही. चकती चांगली, सोऱ्याही चांगला. मेळ तेवढा नाही. या सॉफ्टवेअरचेही तसेच. नव्या आवृत्तीत जुनी फाइल बहुधा उघडते. पण तिथे एकदा जतन केली, की जुन्या आवृत्तीला ती वाचता येत नाही. फार जुन्या पेट्यांना तर नवी आवृत्ती ओळखच देत नाही. जुने सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालणारे. त्या एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये थांबवला. शिवाय पेटीची केबल जोडायला जे नऊ पिनांचे तोंड लागते, ते आजच्या लॅपटॉपला नसतेच.

या सर्वाची परीक्षा २०२१ साली झाली. १६ मे रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला झोडपून गेले. खांब पडले, वीज गेली आणि कारखान्यात ती कित्येक दिवस आली नाही. जुन्या पेटीची स्मरणशक्ती वीज नसताना एका लहानशा बॅटरीवर जगते. ती बॅटरी कोणी वर्षानुवर्षे बदललीच नव्हती. वीज आली तेव्हा पेटीतली आज्ञावली पुसून गेली होती!

आज्ञावलीची प्रत फ्लॉपीवर होती. खाऱ्या दमट हवेत तिला बुरशी लागलेली. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये अगदी नवे सॉफ्टवेअर होते. त्याच्या यादीत ही पेटीच नव्हती. नवी पेटी घ्यावी, तर खर्च मालकाच्या आवाक्याबाहेरचा. १ जूनला मासेमारी बंद होऊन १ ऑगस्टला होड्या पुन्हा सुटणार. हाताशी दोन महिने.

अखेर निवृत्त मेस्त्रीकाकांची आठवण झाली. काकांनी ट्रंकेतून पिवळ्या पडलेल्या कागदांची चळत काढली. पेटी बसवली तेव्हाची छापील आज्ञावली! ओळीओळीला काकांच्या अक्षरात मराठी टिपा: ‘हा पंप’, ‘हे तेलाचे बटण’. ओळखीच्या एका दुकानात जुना एक्सपीवाला संगणक मिळाला. त्यात जुनी आवृत्ती आणि मागे ते नऊ पिनांचे तोंडही होते. भाचा रात्री बसून एकेक ओळ उतरवू लागला.

एका ठिकाणी तो अडला. कॉम्प्रेसर सुरू होताना तेलाच्या दाबाची राखण पंचेचाळीस सेकंद बाजूला ठेवली होती. त्याला ती चूक वाटली. तो ती ओळ गाळणारच होता. काका म्हणाले, “अरे, सुरवातीक तेलाचो दाब खय असता? तो येवपाक येळ लागता. ह्या काढलंस तर मशीन चालूच होवचा नाय.”

जुलैच्या अखेरीस हौद थंड झाला आणि होड्या सुटल्या तेव्हा बर्फ तयार होता.

भाच्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत मोलाची वाटली. अशा जुन्या पेटीतली आज्ञावली शाबूत असेल आणि जुळणारे सॉफ्टवेअर हाती असेल, तर ती संगणकावर परत घेता येते. पण नावे आणि टिपा येत नाहीत. त्या पेटीत कधी नसतातच. काय करायचे, एवढेच यंत्राला ठाऊक. का करायचे, हे माणसाजवळच राहते.

आता पेटीच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, बॅटरी बदलल्याची तारीख आणि ‘बॅटरी वीज चालू असतानाच बदलणे’ ही ताकीद. टिपांसह आज्ञावलीच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. जुना संगणक कापडाखाली झाकलेला आहे. त्याला हात लावायची कोणाला परवानगी नाही.

निघताना मेस्त्रीकाका दारात भेटले. मी म्हटले, “काका, तुमच्या कागदांनी कारखाना वाचवला.” ते म्हणाले, “कागद वाळवी खाता, भाऊ. म्हणान आता ह्या पोराक सगळा शिकवतंय.”

घरी परतलो तेव्हा मुले वाळूचा किल्ला रचीत होती. हिने विचारले, “पाहिलात का बर्फ?” मी हो म्हटले आणि आईच्या हातच्या पाककृतींची वही कुठल्या ट्रंकेत आहे, ते तिला विचारले.