एडिसनला पोकर चालतो, अंधेरीत का नाही?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये स्थायिक झालेला मुलुंडचा मुलगा फोनवर खरे डॉलर लावून पोकर खेळू शकतो. वयाची २१ वर्षं पूर्ण असली आणि कंपनीकडे राज्याचा परवाना असला, की तो कोणताही कायदा मोडत नाही. त्याचा अंधेरीतला मावसभाऊ ऑगस्ट २०२५पर्यंत ज्या ॲपवर खेळत होता, तिथे मात्र आता पैशांचा डाव मांडला जात नाही. मग सुट्टीत दोघं भेटले की प्रश्न निघतोच: अमेरिकेत चालतं, तर आपल्याकडे का नाही?

मुळात ‘अमेरिकेत चालतं’ हे अर्धसत्य आहे.

राज्य बदललं की डाव बंद

ऑनलाइन पोकरला परवानगी द्यायची की नाही, हे तिथे प्रत्येक राज्य ठरवतं. नेवाडात एप्रिल २०१३मध्ये परवानाधारक पोकर सुरू झाला, डेलावेअर आणि न्यू जर्सीत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. पेनसिल्व्हेनियात २०१९ साली, तर मिशिगनमध्ये २०२१ साली तो आला. बहुसंख्य राज्यांत आजही परवानगी नाही.

खेळाडू त्या क्षणी कुठे आहे, हे ॲप सतत तपासतं. एडिसनहून लोकल पकडून मॅनहॅटनला कामावर जाणाऱ्याचा डाव हडसन नदी ओलांडताच थांबतो, कारण न्यूयॉर्कने परवानगी दिलेली नाही. मुलुंड चेकनाक्यापर्यंत खेळ चालावा आणि ठाण्यात शिरताच बंद पडावा, तसा हा प्रकार आहे. कॅलिफोर्नियात टेबलाभोवती बसून पैशाने पोकर खेळायच्या परवानाधारक खोल्या आहेत, पण ऑनलाइन पोकरला परवाना नाही. सिएटलच्या आसपास कितीतरी मराठी इंजिनिअर राहतात. त्या वॉशिंग्टन राज्यात तर २००६च्या दुरुस्तीनुसार ऑनलाइन जुगार हा कागदोपत्री गंभीर गुन्हा आहे.

पोकरची आणखी एक अडचण आहे. हा खेळ कंपनीविरुद्ध नसतो, खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा, म्हणजे ‘रेक’, कापून घेते. त्यामुळे टेबल भरायला गर्दी लागते, आणि छोट्या राज्याला एकट्याने ती जमत नाही. म्हणूनच नेवाडा आणि डेलावेअरने २०१४मध्ये खेळाडू एकत्र आणण्याचा करार केला; पुढे न्यू जर्सी, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियाही त्यात आले.

अमेरिकेला बसलेला फटका

अमेरिका या व्यवस्थेपर्यंत ठेच खाऊन पोचली. २००३मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पोकरच्या जागतिक मालिकेत पोचला आणि त्याने मुख्य स्पर्धेचे २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर घरोघरी पोकरचं वेड पसरलं. २००६मध्ये संसदेने कायदा केला. त्याचा रोख खेळाडूवर नव्हता, बेकायदा ऑनलाइन जुगाराचे पैसे पोचवणाऱ्या व्यवहारांवर होता. काही कंपन्या निघून गेल्या. काही परदेशात बसून राहिल्या आणि बँकांपासून व्यवहाराचं खरं स्वरूप लपवत पैसे फिरवत राहिल्या.

१५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्युट पोकर या तिन्ही मोठ्या साइट्सवर कारवाई केली. पोकरच्या जगात हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. सप्टेंबरमध्ये फुल टिल्टचे हिशेब उघड झाले. मार्च २०११अखेर कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. पंजाबात जन्मलेले तेव्हाचे संघीय वकील प्रीत भरारा यांनी त्या कंपनीला पॉन्झी योजना म्हटलं. अमेरिकी खेळाडूंना पैसे परत मिळू लागले ते २०१४मध्ये, आणि तेही पोकरस्टार्सने सरकारशी ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केल्यामुळे.

यात खेळाडूंना कोणी तुरुंगात टाकलं नाही. त्यांचे पैसे मात्र जवळजवळ तीन वर्षं अडकून पडले.

आपल्याकडचा रस्ता

महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्याने सूट दिली. १९५७च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत फरक केला, आणि पुढे १९६७च्या निकालात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला. पोकरवर मात्र न्यायालयांचं एकमत झालं नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्याला जुगार ठरवलं, कोलकाता उच्च न्यायालयाने २०१९मध्ये उलट भूमिका घेतली.

या मतभेदाच्या फटीत धंदा वाढला. ‘पोकरबाजी’ हे ॲप चालवणाऱ्या कंपनीत मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने २०२४मध्ये मोठा हिस्सा घेतला. सरकारनेही या उद्योगाकडून कर वसूल केला: एप्रिल २०२३पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आणि ऑक्टोबर २०२३पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी.

मग ऑगस्ट २०२५मध्ये चित्र पालटलं. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ला राज्यसभेत मंजूर झालं, २२ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब, हा जुना वाद या कायद्याने बाजूला सारला. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ कसाही असो, तो निषिद्ध. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे पोचवणारी बँक किंवा पेमेंट कंपनीही शिक्षेस पात्र आहे. खेळाडूला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशांचे डाव थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

हा कायदा ऑनलाइन खेळापुरता आहे. मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटी गोव्याच्या स्वतंत्र कायद्याखाली चालतात आणि खुद्द गोवेकरांना तिथे प्रवेशबंदी आहे.

खरा धोका आता

सरकारच्या अंदाजानुसार सुमारे ४५ कोटी लोकांना पैशांच्या ऑनलाइन खेळांची झळ बसली आणि २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले. त्या आकड्यामागे कर्जात बुडालेली, मोडलेली घरं आहेत. त्यामुळे कायद्यामागची तळमळ मला पटते. पण सवय कायद्याने एका रात्रीत सुटत नाही. बोरिवली-घाटकोपरच्या ज्या मुलाचं ॲप बंद पडलं, त्याच्या टेलिग्रामवर परदेशी साइटचं आमंत्रण येऊन पडतं. पैसे कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआय खात्यात किंवा क्रिप्टोत भरायला सांगतात.

इथे तीन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. ते खातं भाड्याने घेतलेलं असू शकतं, आणि पोलिसांचा तपास सुरू झाला की त्याच्याशी व्यवहार केलेलं तुमचं खातंही गोठवलं जाऊ शकतं. दुसरं, लॉटरी, स्वीपस्टेक्स अशा गोष्टींसाठी परदेशी पैसे पाठवायला परकीय चलनाचे नियम मनाई करतात. तिसरं, कंपनी ज्या बेटावर नोंदलेली आहे, तिथे अंधेरीच्या पोलीस ठाण्याचा हात सहजी पोचत नाही. २०११च्या अमेरिकी खेळाडूच्या मागे निदान एक खंबीर सरकारी वकील उभा होता.

एडिसन आणि अंधेरीतलं मोठं अंतर हेच आहे. न्यू जर्सीत खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात, तक्रार राज्याच्या नियामकाकडे नेता येते, आणि स्वतःला खेळापासून बाद करून घ्यायची सोयही आहे. आपण बंदीचा मार्ग निवडला असेल, तर या साइट्स शोधून बंद करण्याचं आणि व्यसनात अडकलेल्यांना बाहेर काढण्याचं काम तितक्याच जोमाने व्हायला हवं. नुसती बंदी खेळाडूला चोरवाटेवर एकटं सोडते.

घरात कुणी या वाटेवर असेल, तर ‘हे कायदेशीर आहे का?’ यापेक्षा ‘पैसे बुडाले तर दाद कुणाकडे मागशील?’ असं विचारा. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तासाभरातच फोन करा, पैसे वाटेत रोखता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. आणि खेळल्याशिवाय चैन पडत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. रागावण्याआधी तो क्रमांक मुलाच्या हाती द्या.