उभ्या पद्मिनीवर उजेड

भुसावळजवळच्या दीपनगरमध्ये रात्र पुरती काळी होत नाही. औष्णिक केंद्राच्या 500 मेगावॉटच्या दोन संचांभोवतीचे दिवे आभाळात पसरलेले असतात. त्या पार्श्वभूमीवर जुनी प्रीमियर पद्मिनी उभी करून फोटो काढायचा, तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश कामाचा नाही. समोरून उजेड आला की बोनेट चपटं दिसतं, नंबरप्लेट पांढरीफटक होते. फ्लॅश खाली उतरवून स्टँडवर लावावा आणि रेडिओ ट्रिगरने उडवावा.

गाडी निवडली तीही मनापासून. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्यात बनवली. 1964 पासून फियाट 1100 डिलाइट, 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टीअरिंगलगतचा गिअर, बाजूच्या पत्र्याला स्पष्ट कडा. 2023 च्या ऑक्टोबरात तिची शेवटची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. उरलेल्या गाड्यांचे चांगले फोटो आताच निघायला हवेत.

खरी मेख पत्र्यात आहे. रंगवलेला चकचकीत पत्रा आरशाप्रमाणे वागतो: उजेड ज्या कोनात येतो, त्याच कोनात परततो. नुसता फ्लॅश मारला तर दारावर पांढरा ठिपका उठतो आणि बाकी दार काळंच राहतं. म्हणून गाडीला समांतर पांढरी चादर दोऱ्यांनी ताणून बांधायची आणि फ्लॅश तिच्यावर मारायचा. मग पत्र्यात चादरीचं प्रतिबिंब पडतं. चादरीची कड जिथे संपते, तिथे उजेडही संपतो, आणि हँडलखालून जाणारी पत्र्याची घडी एका रेघेत उठून दिसते. चादर वीतभर वर केली तरी ती रेघ सरकते. माझ्या मते महागड्या लेन्सपेक्षा ही वीतभर हालचाल जास्त मोलाची आहे.

फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात आटोपतो. त्यामुळे शटर दोन सेकंद उघडं ठेवलं तरी गाडीवरचा फ्लॅशचा उजेड वाढत नाही, मागचं आभाळ आणि चिमणीवरचे लाल दिवे मात्र भरत जातात. गाडी अ‍ॅपर्चरने सांभाळावी, आभाळ शटरने. फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो. रस्त्यावरचे दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर नारंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, चढवावी, नाहीतर गाडी निळसर दिसते.

अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी 1956 साली 43 फ्लॅशबल्ब एकदम उडवून ड्राइव्ह-इन सिनेमातल्या उभ्या मोटारी आणि मागून धावणारं वाफेचं इंजिन एकाच फोटोत पकडलं. भुसावळजवळच्या छायाचित्रकाराने तो फोटो जरूर पाहावा. आपल्याकडे एकच फ्लॅश असला तरी चालतं. ट्रायपॉड न हलवता आधी बोनेट, मग दार, मग डिकी उजळावी आणि फोटो नंतर संगणकावर एकत्र करावेत. सीटखाली लहान फ्लॅश ठेवला की काचांमागचा काळोख जातो.

सुरुवातीला गाडी मऊ फडक्याने पुसून घ्यावी, कारण तिरप्या उजेडात धुळीचा कण न् कण दिसतो. काळे कपडे घालावेत, म्हणजे क्रोमच्या बंपरमध्ये फोटो काढणारा दिसत नाही.