मेलेल्यांवरून जिवंतांची मोजणी

‘सेंद्रिय कर्ब वाढवा’ हा सल्ला आपल्याकडे कृषी मेळाव्यात हमखास ऐकू येतो. वाढवलेला कर्ब टिकतो किती, हे शोधता शोधता मी इंग्लंडमधल्या हार्पेंडनजवळच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राला आणि तिथल्या डेव्हिड जेंकिन्सन या मृदाशास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांपाशी पोहोचले, आणि तिथेच रमले.

रोथॅमस्टेडचा इतिहास थोडक्यात असा. जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्या साथीने १८४३ मध्ये ‘ब्रॉडबॉक’ शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. एका पट्टीला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळतं, दुसरीला तेव्हापासून काहीच नाही. जुन्या मातीचे नमुने बाटल्यांत जपलेले आहेत. जेंकिन्सन तिथे रुजू झाले तेव्हा शंभर वर्षांची माती त्यांच्या हाताशी होती.

त्यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ असलेल्या हवेत रायगवत वाढवलं आणि ते मातीत मिसळलं. वर्षाने त्यातला जेमतेम एक तृतीयांश कर्ब मातीत उरला, चार वर्षांनी एक पंचमांश. बाकीचा मातीतल्या सूक्ष्मजीवांनी खाऊन श्वासावाटे हवेत सोडला होता. मग हे खाणारे आहेत तरी किती?

ते मोजण्याची त्यांची रीत मला विलक्षण वाटते. ओलसर माती बंद काचपात्रात ठेवायची आणि तिला एक दिवस क्लोरोफॉर्मची वाफ द्यायची. जीवाणू आणि बुरशी बहुतेक सगळे मरतात. मग वाफ पूर्ण काढून घ्यायची, चिमूटभर जिवंत माती मिसळायची आणि दहा दिवस २५ अंश सेल्सिअसला ठेवायची. गंमत अशी, की ही मारलेली माती न मारलेल्या मातीपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. अर्धवट निर्जंतुक केलेल्या मातीचा असा जोम रोथॅमस्टेडमध्येच रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये नोंदवला होता. जीवाणूंना खाणारे आदिजीव मेल्यामुळे हे होतं, असं त्यांचं मत होतं. जेंकिन्सन यांनी वेगळा अर्थ लावला. नव्याने आलेले जंतू मेलेल्यांची कलेवरं खात असतात, आणि जास्तीचा वायू त्या कलेवरांचा असतो. ओळखीचे जंतू मुद्दाम मातीत मिसळून त्यांनी तपासलं, तेव्हा त्यांच्या कर्बापैकी साधारण निम्मा दहा दिवसांत वायू होऊन निघत होता. आता उलट हिशेब मांडता आला. १९७६ मध्ये डेव्हिड पॉल्सन यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत सिद्ध केली. मातीतल्या एकूण सेंद्रिय कर्बात जिवंत हिस्सा शेकडा एक ते चार इतकाच भरतो, आणि सगळी उलाढाल त्याच्याच हातून होते.

या उलाढालीच्या अभ्यासातून त्यांनी रोथ-सी हे गणिती प्रारूप उभं केलं. तापमान, पाऊस, चिकणमातीचं प्रमाण, पिकाचं आच्छादन अशा गोष्टींवरून ते कर्बाचा पुढचा प्रवास सांगतं. १९९१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये इशारा दिला: तापमान दरवर्षी ०.०३ अंशाने वाढत गेलं, तर ६० वर्षांत जगभरातल्या मातीतून ६१ अब्ज टन जादा कर्ब हवेत जाईल.

आपल्यासाठी खरी अडचण मात्र त्यांच्या नायजेरियातल्या प्रयोगात आहे. तेच रायगवत तिथल्या उष्ण मातीत इंग्लंडपेक्षा चौपट वेगाने कुजलं. म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने कर्ब राखायचा, तर रोथॅमस्टेडपेक्षा कितीतरी जास्त काडीकचरा सतत मातीत घालावा लागणार. तो आणायचा कुठून? पऱ्हाटी चुलीत जाते, कडबा गुरं खातात. शेणखत शेजाऱ्याकडून विकत घेतलं, तर माझ्या शेताचा कर्ब वाढतो आणि त्याचा घटतो. ब्रॉडबॉकच्या शेणखताच्या पट्टीतला कर्बही दुपटीवर गेला खरा, पण पहिल्या काही दशकांनंतर त्याची चढण मंदावली.

त्यात नत्राचा प्रश्न. ह्यूमसमध्ये दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं. एक टन कर्ब बांधायला ८० ते १०० किलो नत्र अडकतं, म्हणजे युरियाच्या चार-पाच गोण्यांतलं. हे नत्र सुटतं तेही पिकाच्या वेळेनुसार नाही. ब्रॉडबॉकवर नत्र-१५ची खूण केलेलं खत देऊन पाहिलं, तेव्हा शरद ऋतूत मातीत सापडलेलं नायट्रेट बहुतांशी वसंतात दिलेल्या खताचं नव्हतं, मातीतल्या सेंद्रिय पदार्थातून सुटलेलं होतं. शेणखताने समृद्ध झालेल्या पट्टीतून ते सर्वांत जास्त झिरपतं. आपल्याकडे उन्हाळ्यात कोरडी पडलेली माती पहिल्या पावसाने भिजते, तेव्हाही सूक्ष्मजीवांची अशीच उसळी येते आणि नत्र मोकळं होतं. कोरडवाहू कपाशीची टोकण त्यानंतर होते. तोवर ते नत्र घ्यायला शेतात मुळंच नसतात, आणि जुलैच्या झडीनंतर त्यातलं किती उरलं, हे उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्याचा माती परीक्षण अहवाल सांगू शकत नाही.