न पाठवलेल्या रकान्याचं काय होतं?

‘रकाना पाठवला नाही, तर जुनी नोंद तशीच राहते. रकाना रिकामा पाठवला, तर जुनी नोंद पुसली जाते.’ ही दोन वाक्यं लिहायला माझी अख्खी दुपार गेली.

कर्जत तालुक्यातल्या कडावला घरी बसून मी सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते. सध्या हातात आहे ते दवाखान्यांतल्या उपकरणांच्या नोंदी बदलणारं एक एपीआय. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत. एका प्रोग्रामने दुसऱ्याला ठरलेल्या साच्यात निरोप धाडायचा: अमुक क्रमांकाचं यंत्र, स्थिती ‘बंद’, तारीख ही. तो साचा प्रोग्रामरला नीट कळेल असा मांडून देणं हे माझं काम.

वेबवर नोंद बदलायचे दोन रस्ते असतात. ‘पुट’ अख्खी नोंद नव्याने लिहितो, ‘पॅच’ सांगितलं तेवढंच बदलतो. पॅचला २०१० साली आरएफसी ५७८९ या इंटरनेटच्या मानकाने अधिकृत जागा दिली, पण निरोप आतून कसा असावा हे मोकळंच सोडलं. २०१४च्या आरएफसी ७३९६ने त्याचा एक साचा ठरवला: रकान्यात ‘नल’, म्हणजे ‘इथे काही नाही’ अशी खूण, आलं की तो रकाना काढून टाकायचा. आमच्या टूलने हाच नियम घेतलाय. हे सगळं ठाऊक आहे असं प्रत्येक प्रोग्रामर म्हणतो. मग त्याचं अ‍ॅप मोबाइलवर न भरलेला एकेक रकाना इमानदारीने ‘नल’ करून पाठवतं, आणि यंत्र बसवल्याची तारीख, हमीची मुदत, सारं एका फटक्यात साफ. हमीची तारीखच उडाली की दुरुस्तीचा खर्च कुणी सोसायचा यावर पुढे महिनोन् महिने पत्रं चालतात.

कुठल्या यंत्राची नोंद, हे डोळ्यांसमोर असल्याशिवाय मला लिहिता येत नाही. म्हणून उदाहरणाला मी आयएलआर घेतला. कडावसारख्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी ठेवतात तो, वरून झाकण उघडणारा फ्रिज. आतलं तापमान २ ते ८ अंशांत हवं. आतल्या भिंतींना बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे दिवसातून सलग ८ तास वीज मिळाली तरी तो तग धरतो. पावसाळ्यात आमच्याकडे या गुणाची किंमत कळते. शेजारी डीप फ्रीझर असतो, तो मुख्यतः बर्फाच्या पिशव्या गोठवायला. या दोन पेट्यांच्या नोंदींची अदलाबदल होणं परवडणारं नाही, कारण हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंटसारखी लस एकदा गोठली की वाया गेली.

पत्रकातला सगळ्यात कंटाळवाणा दिसणारा भाग म्हणजे रकान्यांचा तक्ता. माझ्या मते खरी लढाई तिथेच असते. अनुक्रमांक हा आकडा नाही, मजकूर आहे, हे ठळक लिहावं लागतं. नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं गिळून टाकतं आणि ‘००४७’चं ‘४७’ होतं. त्यात आपल्याकडची खास भर: मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असेल, तर अनुक्रमांकात देवनागरी सात पडतो. माणसाला तो सातच दिसतो. संगणकाला मात्र ते भलतंच चिन्ह असतं आणि ‘असं उपकरण सापडलं नाही’ असं उत्तर येतं. तारखेचंही तसंच. ‘०३/०४’ म्हणजे मार्च की एप्रिल? आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, याखेरीज काही स्वीकारू नका, असं मी प्रोग्रामरांकडून हट्टाने करवून घेतलं. उदाहरणातला अनुक्रमांकही उघडउघड खोटा दिसेल असा रचला. लोक उदाहरण जसंच्या तसं उचलून चालवतात, ते कुणाच्या खऱ्या फ्रिजवर जाऊन आदळायला नको.

नोंद खोडायची कशी, याचं उत्तर मात्र कागदावर आधीच होतं. ग्रामपंचायतीच्या २०११च्या लेखासंहितेत नमुना १६ आहे, जडवस्तू संग्रह नोंदवही. खुर्ची मोडली म्हणून तिथलं पान कुणी फाडत नाही. वस्तूचं निर्लेखन होतं आणि ओळ जागेवर राहते. चूक झाली तर आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. आमच्या टूलमध्ये ‘डिलीट’ होतं. ते काढून ‘निर्लेखित’ ही स्थिती ठेवावी आणि जुनी किंमत, बदलणारा नि वेळ इतिहासात राहावी, असं मी सुचवलं. माहितीपत्रक लिहिणारीने टूलच बदलायला सांगणं सगळ्यांना रुचलं असं नाही; पण झालं.

मग रेंजचा प्रश्न. कर्जतहून खांडसकडे जाताना मोबाइल मधेच मुका होतो. तंत्रज्ञ दुरुस्ती करतो, नोंद फोनमध्येच अडकून राहते. तेवढ्यात अलिबागच्या जिल्हा कार्यालयात बसलेलं कुणीतरी त्याच यंत्राची जागा बदलतं. संध्याकाळी रेंज आली की जुनी नोंद नव्या नोंदीवर चढू पाहते. यावर उपाय आहे ‘ईटॅग’, म्हणजे नोंदीच्या त्या आवृत्तीची खूण. फोनने ती निरोपासोबत पाठवायची; मधल्या काळात ती बदलली असेल तर सर्व्हर ‘४१२’ हा नकाराचा क्रमांक देऊन निरोप परत करतो. पत्रकात इथवर लिहून थांबणारे बरेच असतात. ४१२ आल्यावर तंत्रज्ञाला काय दाखवायचं? मी लिहिलं: दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दाखवा, फरक असलेला रकानाच निवडू द्या, आणि आपण होऊन पुन्हा पाठवू नका.

शेवटी एक रकाना वादात राहिला, ‘बदलाचं कारण’. कार्यालयाला तो सक्तीचा हवा होता. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका तंत्रज्ञाला मी कच्चा मसुदा वाचून दाखवला, तर तो हसला. म्हणाला, “ताई, सक्ती केलीत तर सगळीकडे ‘ओके’ लिहिलेलं सापडेल.” आता तो रकाना फक्त निर्लेखनाला सक्तीचा आहे, बाकी सगळीकडे ऐच्छिक.